पात्र, कसोटी आणि हमी
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत रामपायली येथे दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानाचा विषय मी कळविला तेव्हा आपल्या चिटणीसांनी तो दोनदा विचारून घेतला. मराठीचा प्राध्यापक संतवाङ्मयावर बोलेल, झाडीबोलीवर बोलेल, फार तर १९५६ च्या प्रांतरचनेनंतर सीमेच्या या बाजूस राहिलेल्या मराठीच्या हालहवालीवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. गरिबाला मदत कशी करावी आणि कशी करू नये हा प्रांत अर्थशास्त्रज्ञांचा. तरीही मी तो निवडला, कारण आज ओसरीवर, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत हाच विषय निघतो आणि तो बहुधा एकाच वाक्याने संपतो : फुकट देऊन देऊन लोक आळशी झाले. हे वाक्य बोलणारी माणसे निर्दय नसतात. त्यांतील काहींच्या घरी मी जेवलो आहे. तेव्हा या वाक्याच्या पोटात काय आहे, ते कोठून आले आणि आपल्याच मुलखाच्या इतिहासात ते कितपत टिकले, हे पाहावे असे वाटले. मी शब्दांचा माणूस. म्हणून तीन शब्दांच्या मागोमाग जाणार आहे : पात्र, कसोटी आणि हमी.

प्रथम एक खुलासा. ज्या विचाराला इंग्रजीत कन्झर्व्हेटिव्ह म्हणतात त्याला मराठीत आपण 'पुराणमतवादी' म्हणतो आणि तो शब्द उच्चारताक्षणीच चर्चा संपते, कारण ती जवळजवळ शिवीच आहे. मी 'परंपरानिष्ठ' हा शब्द वापरीन. या दृष्टीचे म्हणणे असे की, अडलेल्याला आधी घराने सावरावे, मग भावकीने, मग गावाने. सरकारचा क्रम सर्वांत शेवटी. धडधाकट माणसाला मदत द्यायची ती कामाच्या मोबदल्यात द्यावी. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला हिशेब विचारता आला पाहिजे. आणि एखादी जुनी व्यवस्था मोडण्यापूर्वी तिच्या जागी काय येणार हे ठरलेले असावे. यातील एकही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मी स्वतः अशाच घरात वाढलो. दारात आलेल्याला आमच्याकडे भात मिळे, पण तो धडधाकट दिसला तर आधी कुऱ्हाड मिळे आणि परसातली लाकडे दाखविली जात. आजीचा हा नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. एका उन्हाळ्यात मात्र आलेल्या माणसाला कुऱ्हाड उचलेचना. आजी क्षणभर पाहत राहिली, मग तिने कुऱ्हाड काढून घेतली, पेज आणून दिली आणि म्हणाली, "लाकडं उद्या फोड." दुसऱ्या दिवशी तो आला आणि त्याने लाकडे फोडली. आजीला हा नियम मोडल्यासारखे मुळीच वाटले नव्हते. हा प्रसंग मी येथेच ठेवतो. पुढे त्याची गरज लागेल.

दानाविषयीची आपली जुनी कल्पना 'पात्र' या शब्दाभोवती फिरते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र पाहण्याची अट घातली आहे. 'सत्पात्री दान' हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी अजून आहे. गंमत अशी की, आपल्याकडे अर्वाचीन काळात पात्रतेचा प्रश्न प्रथम विचारला गेला तो गरिबाविषयी नव्हे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई आणि तिच्यावर फार मोठा खर्च होई. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन यांनी ती एकदम बंद केली नाही. त्या निधीतून १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली आणि १८५० नंतर त्याच पैशातून मराठी ग्रंथांना बक्षिसे दिली जाऊ लागली. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात जी पत्रे लिहिली त्यांत आयत्या दक्षिणेवर जगणाऱ्या वर्गावर कोरडे ओढलेले आहेत. फुकट खाऊन आळस येतो हा आक्षेप मराठीत प्रथम ज्यांच्यावर जोरकसपणे घेतला गेला ते पंचा नेसलेले शास्त्री होते, लंगोटी लावलेले मजूर नव्हते. आजच्या पंगतीतल्या वाक्याला ही वंशावळ ठाऊक नसते. जाता जाता सांगतो, आरंभीच्या मराठी गद्यातले कितीतरी ग्रंथ या दक्षिणा बक्षिसांवर पोसले आहेत. तेव्हा आयत्या दानाचे फळ नेहमी वाईटच निघते असेही नाही.

दुसरा शब्द 'कसोटी'. हा मात्र विलायतेहून आला. इंग्लंडात १८३४ मध्ये गरिबांविषयीचा कायदा सुधारला गेला. त्याचे तत्त्व असे की, सरकारी मदतीवर जगणाऱ्याची स्थिती सर्वांत हलक्या स्वतंत्र मजुराच्या स्थितीपेक्षा अधिक सुखाची होता कामा नये. मदत इतकी कडू करावी की खरोखर अडलेला असेल तोच ती घेईल. माणूस अडला आहे की नाही हे शोधीत बसण्याचे कारणच उरत नाही. मदतच त्याची परीक्षा घेते. युक्ती बिनतोड होती. कंपनी सरकारचे अंमलदार ज्या कॉलेजात तयार होत, त्या हेलीबरीच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या अध्यापनपदावर १८०५ पासून १८३४ पर्यंत माल्थस होता, एवढे सांगितले म्हणजे हे तत्त्व हिंदुस्थानच्या कचेऱ्यांत कसे पोहोचले याची कल्पना येईल.

आता आपल्या ओळखीच्या एका माणसाकडे येऊ. सर रिचर्ड टेंपल हे १८६२ ते १८६७ या काळात नागपुरास मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून आपला बालाघाट जिल्हा १८६७ मध्येच घडला. हेच टेंपल पुढे १८७३-७४ च्या बिहारच्या टंचाईत होते. तेथे त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणविला, हात सैल सोडून खर्च केला आणि उपासमारीने फारसे कोणी मेले नाही. त्याबद्दल त्यांचा गौरव व्हावयास हवा होता. झाले उलटेच. सरकारी वर्तुळात आणि विलायतेच्या पत्रांत त्यांना उधळ्या ठरविण्यात आले. १८७७ मध्ये मद्रास आणि मुंबई इलाख्यांत भीषण दुष्काळ पडला तेव्हा त्यांनाच पुन्हा पाठविले, या वेळी खर्च आवरण्यासाठी. डाग धुऊन काढायला निघालेल्या माणसासारखे ते वागले. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढीच मजुरी त्यांनी ठरविली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नव्हे आणि एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हाकाटी केली, आकडे मांडले आणि काही महिन्यांनी तो दर वाढवावा लागला. तोवर पुष्कळांचे मरण ओढवून गेले होते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते मुंबई इलाख्यात घडले. घटलेल्या मजुरीवर आणि दूरच्या कामांवर जाण्यास दख्खनच्या मजुरांनी १८७७ मध्ये नकार दिला. ते काम सोडून गेले. उपाशी माणसांनी संप करावा ही गोष्ट कारभाऱ्यांच्या पोथीत बसणारी नव्हती. कसोटीच्या तत्त्वाप्रमाणे त्याचा अर्थ एकच होऊ शकत होता : ते अडलेले नव्हते. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी ही मवाळ, कायदा मानणारी मंडळी होती. बंडाची भाषा त्यांच्या तोंडी नव्हती. त्यांनी माहिती गोळा केली, अर्ज लिहिले, सरकारला त्याच्याच कर्तव्याची आठवण दिली. पुढे १८८० चा दुष्काळ आयोग आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहिता तयार झाली. टंचाई कधी जाहीर करावी, कामे कोठे काढावी, मजुरी किती द्यावी, अपंगांना घरपोच काय द्यावे, हे सारे तिच्यात कलमवार लिहिले गेले. कसोटी राहिली, पण तिला नियमांचे कुंपण पडले.

आणि मग आपली पाळी आली. १८९६ मध्ये पाऊस लवकर उघडला आणि धानपट्टीतला धान लोंबीवर येण्यापूर्वीच करपला. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, पावसाने सरसकट दगा दिला. एका दशकात दोन दुष्काळ. १८९१ च्या खानेसुमारीनंतरच्या दहा वर्षांत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १५ टक्क्यांनी घटली. १९०१ मध्ये ती ३,२६,५२१ भरली. लोकसंख्या वाढावयाची, ती घटली. म्हणजे जे जन्मास येऊन नाहीसे झाले ते या १५ टक्क्यांत धरलेलेच नाहीत. आपल्या जुन्या कुटुंबांच्या वंशावळी काढून पाहा. या दशकात फांद्या तुटलेल्या दिसतील.

पण या दोन दुष्काळांत एक फरक आहे आणि माझे सारे व्याख्यान त्या फरकावर उभे आहे. पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात मदत उशिरा आणि अपुरी पोहोचली. १८९८ च्या आयोगानेही हा दोष दाखविला. हात आखडता होता, माणसे कामावर आली तर द्यायचे असा हिशेब होता. बैहरच्या पठारावरील बैगा आणि गोंड अशा कामांवर येतच नसत. डोंगर सोडून, अनोळखी मुकादमाच्या हाताखाली, परक्या गर्दीत खडी फोडण्यापेक्षा ते रानातली कंदमुळे उकरीत राहिले आणि तीही संपली तेव्हा घरीच पडून राहिले. कसोटीचा दावा असा की, जो खरा भुकेला तो येईल. सर्वांत भुकेला होता तोच आला नाही. माझ्या आजीपुढे जो माणूस उभा होता त्याला कुऱ्हाड उचलली नव्हती. येथे तर माणूस कुऱ्हाडीपर्यंत पोहोचलाच नाही. दुसऱ्या दुष्काळात, १८९९-१९०० मध्ये, प्रांताच्या कारभाराने धडा घेतला. मदत लवकर सुरू झाली, गावोगाव अन्नछत्रे निघाली, शिजविलेले अन्न वाटले गेले, आदिवासींसाठी रानातलीच कामे काढली गेली. जुलै १९०० मध्ये मध्य प्रांतातील वीस लाखांहून अधिक लोक, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त, कोणत्या ना कोणत्या सरकारी मदतीवर होते. पीक पहिल्या खेपेपेक्षा अधिक बुडाले असताना माणसे तुलनेने वाचली. आणि १९०१ च्या आयोगाने काय म्हणावे? एकंदर मदत गरजेपेक्षा जास्त झाली! टेंपलसाहेबांना बिहारनंतर जे ऐकावे लागले तेच.

मेलेल्या माणसाची तक्रार येत नाही, जास्त खर्चाची मात्र येते. काटकसरीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे एक वाक्य खिशात बाळगावे, असे मला वाटते आणि मी हे काटकसरीच्या बाजूचा माणूस म्हणून बोलतो आहे.

याच सुमारास पुण्यात एक वेगळी गोष्ट घडत होती. टिळक सामाजिक बाबतींत परंपरेचे कैवारी. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाला त्यांनी केलेला विरोध आपण जाणतो. परंतु १८९६ च्या दुष्काळात त्यांनी 'केसरी'तून दुष्काळ संहिता रयतेला समजावून सांगितली. साऱ्याची सूट कोणाला मिळते, काम मागण्याचा हक्क कोणाला आहे, हे त्यांनी सांगितले आणि गावोगाव माणसे पाठविली. सोलापूरच्या विणकरांना खडी फोडायला लावू नका, त्यांना मागावरच काम द्या, यासाठी त्यांनी व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन योजना आखली. विणकराचे हात एकदा दगडाने बिघडले की दुष्काळ सरल्यावरही तो विणकर राहत नाही, ही जाण खास परंपरानिष्ठ जाण आहे. सरकारने साथ दिली नाही. पण अंमलदारांच्या कपाटातली संहिता टिळकांनी रयतेच्या हातात दिली हे खरे. कसोटीचे पुस्तक उलटे धरले की त्यात हक्क वाचता येतात, हे प्रथम त्यांनी दाखविले.

त्यानंतर शब्द येतो तो 'हमी'. हा फारसी-अरबी वळणाचा, बाजारातला, व्यवहारातला शब्द. दानाच्या भाषेत त्याला स्थान नाही. जामीन राहणारा हमी देतो आणि दिलेली हमी मोडली तर त्याला भरून द्यावे लागते.

विठ्ठल सखाराम पागे हे १९६० ते १९७८ या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचा हा माणूस. वृत्तीने आध्यात्मिक, ओढा सर्वोदयाकडे. क्रांतीची भाषा बोलणाऱ्यांपैकी ते नव्हते. गांधीजींचे मत तर असे की, धडधाकट माणसाला काम न करता जेवू घालणे हे त्याचा आणि देशाचा अधःपात करणे आहे. सदावर्ते बंद करावीत इतक्या टोकाला ते जात. पागे त्याच मुशीतले. धडधाकट माणसाला फुकट देऊ नये हे त्यांना मान्य होते. पण मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो १८३४ च्या इंग्लंडाने विचारला नव्हता : फुकट द्यायचे नसेल तर मागेल त्याला काम देण्यास सरकार बांधलेले असू नये काय? १९६९ मध्ये काही निवडक भागांत प्रयोग झाला. १९७२ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना रोजगार हमी योजना सुरू झाली आणि नेमका त्याच वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला.

१९७२ हे साल आपल्यापैकी ज्येष्ठांच्या आठवणीत आहे. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात खडी फोडणारी माणसे, पाझर तलाव, नालाबांध, अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो, मुलांना वाटली जाणारी सुकडी. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. पीक १८९९ सारखेच बुडाले होते, पण १८९९ सारखी प्रेते पडली नाहीत. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता. काम तेच, खडी तीच, ऊन तेच. बदलले ते एवढेच की परीक्षेला बसणारा बदलला. पूर्वी सरकार भुकेल्याला विचारी, तू खरोखर अडला आहेस काय? आता मजूर सरकारला विचारू लागला, काम देतोस की भत्ता?

या योजनेचा पैसा कोठून आला, हेही पाहण्यासारखे आहे. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला. मी सीमेपलीकडे महाराष्ट्रात नोकरी करतो. आमच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात. एकदा स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने, हा कर कसला, असे कुरकुरत विचारले. मी सांगितले, शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराला जामीन राहण्याची ही फी आहे. ते म्हणाले, मला कोणी विचारले होते? हा प्रश्न रास्त आहे, असे मी तेव्हाही म्हटले आणि आताही म्हणतो. उत्तर एवढेच की कायदा एकमताने झाला. विचारले गेले ते आपल्या प्रतिनिधींना.

ही योजना निर्दोष होती असे मी सांगणार नाही. हजेरीपटावर मेलेल्यांच्या सह्या सापडल्या, पाझर तलाव पाझरण्याऐवजी पहिल्या पावसात वाहून गेले. त्याहून बोलके असे की, १९८८ मध्ये मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीस आणली गेली, जवळजवळ दुप्पट झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत कामांवरची हजेरी घसरली. लोकांची गरज काही एकाएकी संपली नव्हती. खर्च वाढल्यावर कामेच कमी निघू लागली. म्हणजे मजुरी तोकडी ठेवून गर्दी आवरायची, हा टेंपलसाहेबांचा हिशेब शंभर वर्षांनी हमीच्या घरातही पाट मांडून बसलेला होता.

२००५ मध्ये केंद्राने असाच कायदा देशासाठी केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून पहिल्या २०० जिल्ह्यांत तो लागू झाला, तेव्हा त्यांत आपला बालाघाट होता आणि पलीकडचे गोंदिया, भंडाराही होते. पन्नास वर्षांनी सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच नियम आला. तेव्हापासून आपल्या शेतकऱ्यांची तक्रार सुरू झाली की, रोवणीच्या वेळी बाया मिळत नाहीत. ही तक्रार खोटी नाही. तीन एकरांच्या धान्याच्या शेतकऱ्याला रोवणीचा पंधरवडा चुकला की वर्ष चुकते आणि हा शेतकरी सावकार नव्हे, तोही काठावरच उभा असतो. कामाचे दिवस रोवणी-कापणी टाळून ठेवावेत, हे त्याचे म्हणणे मला पटते. परंतु रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून उभ्या राहणाऱ्या बाईला आपण काय देत होतो, हेही त्याच दमात विचारले पाहिजे. तिला दुसरीकडे काम मिळू लागले म्हणून आपल्याला तिचा भाव कळला.

आता परंपरानिष्ठ बाजूचा सर्वांत बळकट पुरावा मांडतो. तो आपल्या डोळ्यांसमोर आहे : तलाव. वैनगंगेच्या या खोऱ्यात गावागावाला तलाव आणि बोड्या आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिले आणि मालगुजारांच्या देखरेखीखाली टिकले. पाळ फुटली तर कोणी माती टाकायची, पाणी कोणत्या बांधीला आधी जायचे, गाळ कोणी न्यायचा, मासळी कोणाची, हे गावाच्या वहिवाटीत ठरलेले असे आणि वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेले असे. टंचाईच्या वर्षी तलावाच्या पाळीवर माती टाकण्याचे काम निघे. तीच गावाची रोजगार हमी. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. पलीकडे त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. परक्याला वाटते कोण्या मामाने बांधले. मालगुजार गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण पाळीची चिंता करणारा कोणीतरी गेला आणि त्याच्या जागी फाईल आली. गाळ साचत गेला, पाळीवर झाडे उगवली. पुढे त्याच गाळासाठी योजना निघाल्या, मस्टर निघाले आणि ज्या गावाला आपला तलाव कसा जपावा हे ठाऊक होते त्याला इंजिनिअरच्या अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागली. व्यवस्था मोडण्यापूर्वी तिच्या जागी काय येणार हे ठरवा, असे परंपरानिष्ठ माणूस म्हणतो, तेव्हा तो हेच म्हणत असतो.

येथेच थांबलो तर मात्र अर्धसत्य होईल. त्या वहिवाटीत प्रत्येकाला जागा होती, पण जागा बदलण्याची मुभा नव्हती. कोटवाराला धान्य मिळे, त्याबदल्यात त्याचा दिवस आणि रात्र गावाची असे. महाराष्ट्रात महार वतनाचे हेच होते : ओंजळभर बलुते आणि पिढ्यान्‌पिढ्यांची बांधिलकी. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते म्हणूनच. गाव अडलेल्याला सांभाळते हे खरे, पण कोणाला कोणत्या अटीवर सांभाळते हे ज्याला सांभाळले त्यालाच विचारावे. १९७७ च्या २ ऑक्टोबरला राजस्थानात भैरोंसिंह शेखावत यांच्या सरकारने अंत्योदय योजना सुरू केली. दीनदयाळ उपाध्याय यांच्या विचारातून आलेली ही योजना गावावर विश्वास टाकणारी होती : ग्रामसभेने गावातली सर्वांत गरीब पाच कुटुंबे निवडायची. कार्डापेक्षा शेजाऱ्याचा डोळा अधिक नेमका, यात शंका नाही. पण ग्रामसभेत ज्याला बसायला जागा नाही त्याची गणना त्या पाचांत कोण करील?

शेवटी एक नवा शब्द. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये लाडली बहना योजना दरमहा हजार रुपयांनी सुरू झाली; महाराष्ट्रात २०२४ मध्ये माझी लाडकी बहीण योजना दीड हजारांनी. आपल्या नात्यागोत्यांत दोन्हीकडच्या बहिणी आहेत. या मदतीत खडी नाही, मुकादम नाही, कसोटी नाही. पंगतीतले वाक्य आज सर्वांत मोठ्याने बोलले जाते ते हिच्याविषयी. माझा आक्षेप तो नाही. हाती पैसा आल्यावर बाया आळशी झालेल्या मी पाहिल्या नाहीत. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईने त्या पैशातून मुलीच्या शाळेची फी भरली आणि ते मला नवऱ्यासमोर सांगितले, पूर्वी सांगितले नसते. मला अडखळवितो तो शब्द. 'बहीण' म्हटले की देणारा भाऊ होतो आणि दिलेले ते ओवाळणी. ओवाळणीत माया असते. पण ती किती घालायची हे भावाने ठरवायचे असते, बहिणीने ताटात पाहायचे नसते आणि एखाद्या वर्षी भाऊ आला नाही तर दावा लावता येत नाही. पागे यांनी बाजारातून 'हमी' हा रोखठोक शब्द उचलून कायद्यात बसविला, तो याचसाठी. मायेच्या शब्दाने आपण पुन्हा पात्र आणि दान यांच्या अंगणात आलो आहोत काय, याचा विचार काटकसरीची चिंता वाहणाऱ्यांनी तर अवश्य करावा.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. एक विनंती करून थांबतो. आपल्या ग्रंथालयात कादंबऱ्या आहेत, पोथ्या आहेत, पण या परिसरातील तलावांच्या वहिवाटी सांगणारा एकही कागद नाही. जुन्या मालगुजारी घरांतून वाजिब-उल-अर्जच्या नकला, निस्तारपत्रके, पाण्याच्या पाळ्यांच्या वह्या अजून निघतील. वाळवी आणि रद्दीवाला यांच्या आधी आपण तेथे पोहोचले पाहिजे. तसेच ज्यांनी १९७२ मध्ये महाराष्ट्रात खडी फोडली ती माणसे आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांतल्या काही लेकी लग्न होऊन आपल्या भागात आल्या आहेत. त्यांच्याकडून त्या दिवसांची हकिगत लिहून घेण्यासाठी ग्रंथालयाने एक वही घालावी. पहिली हकिगत आणून देण्याचे मी आजच कबूल करतो; ती बाई आमच्याच गल्लीत राहते आणि सुकडीची चव तिला अजून आठवते.